मीटर वर टेकलंय, तरी आवाज नाही: एका भक्तिगीताच्या मिक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, एका घराच्या माडीवर दहा बाय बारा फुटांचा स्टुडिओ आहे. दोन पाच इंची मॉनिटर स्पीकर, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक चांगला कंडेन्सर माइक, आणि भिंतींवर जाड सोलापुरी चादरी. चादरी वरच्या सुरांचा घुमारा बऱ्यापैकी खातात. खालच्या धमधमीला मात्र त्या काही करू शकत नाहीत, आणि ही गोष्ट पुढे महागात पडली. मालक पूर्वी बँड पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. आता भजनी मंडळं, लग्नाची गाणी, दुकानांच्या जाहिराती करतो. त्याला मी इथे स्टुडिओवाला म्हणतो, आणि ज्यांनी गाणं करून घेतलं त्यांना अण्णा. बाकी ओळख पुसून टाकली आहे.

गाणं सिद्धेश्वर यात्रेसाठी होतं. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. ते चित्र गाण्यात उभं करायचं होतं: सुरुवातीला सनई आणि जयघोष, मग हलगी, मग मुखडा. दोन अंतरे मराठीत, एक कन्नडमध्ये. लांबी ४ मिनिटं ४० सेकंद, सव्वीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या नोंदलेल्या आवाजांच्या सव्वीस पट्ट्या. त्यातले दहा ट्रॅक कोरसचे, कारण चार बायकांनी तेच पुन्हा पुन्हा गाऊन थर रचले होते. माइक एकच असला की असंच करावं लागतं.

अडचण

पहिलं मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून केलेली एक फाइल, डिसेंबरअखेर तयार झालं. अण्णांनी ते मोबाइलवर ऐकलं, लगेच त्याच मोबाइलवर मागच्या वर्षीचं कुणाचं तरी गाणं लावलं आणि म्हणाले, "मालक, ह्याला आवाजच नाही की. ते बघा कसं दणकतंय."

स्टुडिओवाल्यानं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. मास्टर ट्रॅकची, म्हणजे सगळ्यांच्या बेरजेची, हिरवी पट्टी पार वर, लालच्या काठावर. "अण्णा, मीटर वर टेकलंय. अजून कुठं वाढवू?"

दोघंही खरं बोलत होते. सॉफ्टवेअरमध्ये समोर दिसतं ते बहुतेक वेळा पीक मीटर असतं. ते डिजिटल छतापासून, म्हणजे शून्य डीबीएफएसपासून, सर्वांत उंच उसळी किती खाली राहिली एवढंच सांगतं. दाराच्या चौकटीला घरातल्या सर्वांत उंच माणसाचं डोकं लागेल का, हे चौकट सांगते. घरात माणसं किती आहेत ते तिला माहीत नसतं. कानाला गाणं किती मोठं वाटतं, हे त्या गर्दीवर ठरतं.

पण अण्णा समोर बसले होते आणि त्यांना दणका हवा होता. स्टुडिओवाल्यानं मास्टरवर लिमिटर (ठरवलेल्या छताच्या वर जाणारी टोकं दाबून ठेवणारं साधन) टाकला, छत उणे ०.१ ला ठेवलं आणि जवळजवळ अकरा डेसिबलनं गाणं त्यात रेटलं. अण्णा खूश झाले, त्याच रात्री गाणं यूट्यूबवर चढलं. दोन दिवसांत तीन तक्रारी आल्या. इअरफोनवर मुखड्याला आवाज फाटतो. यूट्यूबवर शेजारच्या गाण्यापेक्षा हे अजूनही मोठं वाटत नाही, उलट चपटं वाटतं. तिसरी तक्रार हलगीवाल्याची, आणि ती मला सर्वांत जास्त लागली: "ही माझी हलगी नाही. कुणीतरी पुठ्ठा बडवतंय."

मला फोन आला तेव्हा यात्रेला पाच दिवस उरले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तसं सोडून देणं. अण्णांचा कल याच बाजूला होता, कारण लिंक शंभर ठिकाणी गेली होती आणि यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल बदलून टाकता येत नाही. दुसरा, लिमिटर ढिला करून तेच मिक्स पुन्हा काढणं. तासाभराचं काम, पण मग पुन्हा "आवाजच नाही" तिथेच यायचं. तिसरा, पुण्याला मास्टरिंगसाठी (तयार मिक्सवरची शेवटची प्रक्रिया) पाठवणं. खर्च सोडा, मिक्समध्येच काही बिघडलं असेल तर मास्टरिंगवाला त्यावर फार तर हात फिरवेल. चौथा, मिक्स उघडून मुळापासून मोजणं.

मी चौथ्याचा आग्रह धरला, पण अट घातली की दोन संध्याकाळींत संपवायचं आणि एकही नवं वाद्य भरायचं नाही. भरपूर वेळ असता तर आम्ही नक्की काहीतरी नवीन भरत बसलो असतो.

पहिली संध्याकाळ: नुसतं मोजणं

यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती टाकली आणि कशालाही हात न लावता दोन्ही फाइली आधी मोजल्या.

लिमिटरआधीचं मिक्स: पीक उणे ०.१, पूर्ण गाण्याचा लाउडनेस उणे १७.८ एलयूएफएस (कानाला भासणाऱ्या मोठेपणाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). चढवलेली फाइल: लाउडनेस उणे ७.४, ट्रू पीक अधिक १.३. हा शेवटचा आकडा बघून स्टुडिओवाला चकित झाला. छत उणे ०.१ ला बांधलेलं असताना शून्याच्या वर कसं गेलं? साधं पीक मीटर फक्त नमुन्यांचे ठिपके बघतं. आवाज परत लाटेत बदलतो तेव्हा दोन ठिपक्यांच्या मधला भाग त्यांच्याहून उंच जाऊ शकतो. ट्रू पीक मीटर नमुने चौपट करून त्या मधल्या उंचीचा अंदाज घेतं. यूट्यूब फाइल लहान करायला ती पुन्हा दाबतं, त्यात अशा उसळ्या आणखी वाढतात. इअरफोनवरचं फाटणं बहुतेक तिथून आलं होतं.

मग यूट्यूबवर त्याच व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं. कंटेंट लाउडनेस ६.६ डेसिबल, म्हणजे यूट्यूबच्या पातळीपेक्षा तेवढं मोठं, आवाज ४७ टक्क्यांवर आणलेला. म्हणजे अकरा डेसिबल रेटून हलगीचा जीव घेतला, आणि यूट्यूबनं उणे १४ च्या आसपास आणण्यासाठी सहा-साडेसहा डेसिबल गुपचूप काढून घेतले. चपटेपणा तेवढा आपल्याकडे उरला.

एलयूएफएस म्हणजे काय हे इथे दोन वाक्यांत सांगायला हवं, कारण नुसत्या आकड्यांवरून भांडणं होतात. २००६ मध्ये आलेल्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या मापनपद्धतीवर तो आधारलेला आहे: खालचे सूर कमी धरायचे, वरचे थोडे जास्त, आणि मग सरासरी ऊर्जा काढायची, जेणेकरून आकडा कानाच्या जवळ जावा. पुढे २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघानं टीव्ही-रेडिओसाठी उणे २३ ठरवलं. मालिका आणि जाहिरात यांच्या आवाजातली उडी हे त्यामागचं जुनं दुखणं. म्हणजे गाणं सुंदर होण्यासाठी हे माप जन्मलेलंच नाही.

पहिल्या मिक्सचे दोन आकडे मात्र छळत होते. पीक छताला, लाउडनेस उणे १७.८: अंतर जवळपास अठरा डेसिबल. हलगी असली तरी इतकं अंतर भरगच्च गाण्यात दिसत नाही. जागा कुणीतरी खात होतं, आणि जे खात होतं ते ऐकू येत नव्हतं.

जमिनीतला धक्का

कुठल्या सुराला किती ऊर्जा आहे ते दाखवणारं स्पेक्ट्रम मीटर लावलं. तीस हर्ट्झच्या खालच्या अंगाला एक टेकाड, गाणं थांबलं तरी हलणारं. कोरसचा एक ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच वाजवला, बायका गात नसतानाही ते तिथेच. स्टुडिओवाला म्हणाला, "माइक खराब आहे काय?" मी म्हटलं, जमिनीला हात लाव. खालच्या मजल्यावर आणि शेजारच्या दोन घरांत माग चालू होते. त्यांचा ठोका फरशीतून माइकच्या स्टँडमध्ये आणि तिथून प्रत्येक ट्रॅकमध्ये उतरला होता. दहा कोरस, मुख्य गायक, सनई, सगळ्यांत थोडा थोडा. बेरीज झाल्यावर बऱ्यापैकी. पाच इंची स्पीकर तेवढं खालचं वाजवत नाही, म्हणून खोलीत कुणाला कळलं नाही. एलयूएफएस मीटरही ती ऊर्जा कमी धरतं, म्हणून त्यातही दिसलं नाही. पीक मीटरनं मात्र तिची पूर्ण उंची मोजली होती, फक्त ती कुणाची ते त्याला सांगता येत नव्हतं.

आवाजांवर नव्वद हर्ट्झच्या, सनईवर दीडशेच्या खाली कापलं. पीक उणे ०.१ वरून उणे २.६ वर आलं, लाउडनेस उणे १७.८ चा उणे १७.९ झाला. खोलीत बसलेल्या एकालाही फरक ऐकू आला नाही. अडीच डेसिबल जागा फुकट मिळाली.

हलगी

हलगीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. तापवलेली हलगी काठीखाली कडाडते तो पहिला फटका काही मिलिसेकंदांत संपतो, आणि गाण्यातलं सर्वांत उंच टोक तोच असतो. जुन्या व्हीयू मीटरवर हे छान दिसतं. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी आणि बेल लॅब्स या टेलिफोन-संशोधन संस्थेनं मिळून ते बसवलं. त्याचा काटा सरासरी दाखवायला ३०० मिलिसेकंद घेतो. हलगीचा फटका येऊन गेला तरी काटा निम्म्यात. म्हणून मी दोन्ही मीटरं शेजारी लावली: पीक शून्याला, व्हीयू आळसावलेलं. त्या दोघांतलं अंतर म्हणजे हलगीचा कडाका.

तो पूर्ण ठेवला तर गाणं मोठं करता येत नाही, पूर्ण कापला तर पुठ्ठा. आधीच्या फाइलमध्ये कापायचं काम मास्टरवरच्या लिमिटरला दिलं होतं. त्यामुळे हलगीचा प्रत्येक फटका गायकालाही खाली दाबत होता, आणि फाटणं, दबणं, फुगणं सगळं एकत्र होत होतं. आता हलगीच्या बसवरच (फक्त तिचा आवाज जातो त्या वाटेवर) एक क्लिपर, म्हणजे टोकं छाटणारं साधन, ठेवून फक्त टोकाचे तीन डेसिबल छाटले. मिक्सचं पीक उणे ५.६ वर उतरलं. हलगीवाल्याला बोलावून डोळे बंद करायला लावले आणि छाटणी चालू-बंद केली. पाच डेसिबलला त्याच्या कपाळावर आठी आली, तीनला नाही. कुठे थांबायचं हे मीटरनं ठरवलं नाही.

एक गोष्ट सुधारता आली नाही. दुसऱ्या अंतऱ्याआधीचे काही फटके रेकॉर्डिंगच्याच वेळी इनपुटला लाल झाले होते, म्हणजे छताला आदळून कापले गेले होते. 'जितकं वर तितकं चांगलं' ही कॅसेटच्या काळातली सवय. तिथे टेपची खरखर झाकायला आवाज वर ठेवावा लागायचा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये तशी गरज नाही, पीक उणे १० ला राहिलं तरी काही बिघडत नाही.

दुसरी संध्याकाळ: कर्णा आणि टिकली

गाणं आणखी कुठे वाजणार हे मी तेव्हा कुठे विचारलं. अण्णा म्हणाले, "मांडवात. दोन कर्णे लावलेत की." कर्णा म्हणजे मोनो, डावं-उजवं एकत्र मिसळलेलं, आणि तोही मधल्या सुरांपुरता. कोरिलेशन मीटर लावलं. अधिक १ म्हणजे डावं-उजवं एकसारखं, शून्याखाली म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना खोडतायत. कोरसवर स्टुडिओवाल्यानं रुंदी वाढवणारं प्लगइन टाकलं होतं आणि मुखड्यात काटा उणे ०.३ वर. मोनोचं बटण दाबलं: चारही बायका गायब, मागे नुसता कीबोर्ड. प्लगइन काढून कोरसचे थर साधे डावीकडे-उजवीकडे वाटले. हेडफोनवर रुंदी थोडी कमी झाली, कर्ण्यावर बायका परत आल्या.

सुरुवातीची सनई हा वेगळा पेच. तीन सेकंदांच्या शॉर्ट-टर्म आकड्यात ती मुखड्यापेक्षा सोळा डेसिबलनं खाली. पूर्ण गाण्याच्या आकड्यात हे दिसतच नाही, कारण सरासरीपेक्षा फार हळू भाग ही पद्धत गणतीतून वगळते. रस्त्यावर मोबाइल हातात घेतलेला माणूस पहिली पंचवीस सेकंदं काय ऐकणार? फेडर (आवाजाची सरकपट्टी) हलवून ती पाच डेसिबल वर घेतली. मला स्वतःला हळू सनईच आवडत होती.

मधेच आवाजाच्या बटणाचा प्रश्न आला. दर तासाला ते थोडं थोडं वर सरकत होतं, आणि मोठ्या आवाजात खालचे-वरचे सूर आपोआप भरलेले वाटतात. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावून, फोनवरच्या अॅपनं खुर्चीपाशी साधारण ७५ डेसिबल येईल अशी जागा शोधली आणि स्टुडिओवाल्याच्या बायकोच्या पाकिटातली लाल टिकली बटणावर चिकटवली. (हा डेसिबल हवेतल्या दाबाचा. मीटरवरचा डेसिबल छतापासून खाली मोजलेला. पोलिसांच्या हातातलं यंत्र, निवासी भागात दिवसा ५५ ची मर्यादा, ते पहिल्या जातीचं. या दोघांची गल्लत झाली की "उणे डेसिबल कसा असतो हो?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.)

शेवटी मास्टर. मिक्स उणे १८ वर होतं, ६.८ डेसिबल वर घेतलं, ट्रू पीकचं छत उणे १. लिमिटरला आता जास्तीत जास्त सव्वादोन डेसिबल काम, आधीच्या अकराऐवजी. निघालं उणे ११.२.

स्टुडिओवाला म्हणाला, यूट्यूबला १४ लागतं तर १४ च द्या ना. मी नाही म्हटलं. १४ ही परीक्षेची पास होण्याची रेषा नाही. त्याहून मोठं असेल तर यूट्यूब खाली आणतं, लहान असेल तर वर नेत नाही, एवढंच. ॲपलचा आकडा १६ आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलला कुणी सारखं करत नाही. हे गाणं सर्वांत जास्त तिथेच फिरणार होतं. हलगी जिवंत राहते तिथपर्यंत न्यायचं आणि थांबायचं, असं मी ठरवलं. दुसरा कुणी उणे १२.५ ला थांबला असता तर मी वाद घातला नसता.

अण्णांची परीक्षा

अण्णांना दोन्ही फाइली न सांगता ऐकवल्या. त्यांनी ताबडतोब जुनी निवडली. "हीच. दणका आहे."

अपेक्षितच होतं. जुनी ३.८ डेसिबल मोठी होती, आणि मोठं ते चांगलं हे कानाचं पहिलं मत असतं. मग जुनीचा फेडर ३.८ नं खाली घेतला, क्रम बदलला आणि पुन्हा लावलं. या वेळी ते मुखड्यापर्यंत थांबले, मान हलवली, हलगी आली तेव्हा मांडीवर ठेका धरला. "दुसरी." ती नवी होती. "पण पहिलीला काय झालं? मघाशी तर बरी होती."

मी खाली घेतलेला फेडर त्यांना दाखवला. यूट्यूब हेच करतं, हे त्यांना त्या क्षणी पटलं. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं पटलं नव्हतं.

तरी कर्ण्यासाठी वेगळी, आणखी मोठी फाइल हवीच, असं त्यांनी धरून ठेवलं. मला ती अनावश्यक वाटत होती. मांडवात आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणावर ठरतो. पण मोनो करून, खालचे सूर कापून, उणे ९.५ ची एक फाइल दिली. त्यांचा पैसा, त्यांचं मंडळ.

काय झालं

नवं गाणं यात्रेच्या दोन दिवस आधी चढलं. कंटेंट लाउडनेस २.८ दाखवत होता, फाटण्याची तक्रार पुन्हा आली नाही, आणि हलगीवाल्यानं स्टेटसला ठेवलं. कर्ण्यांवर मात्र तिथल्या मुलानं ॲम्प्लिफायर इतका चढवला होता की कुठली फाइल लागली आहे हे मलाही सांगता आलं नसतं. शब्द कळत होते आणि कोरस होता, त्यामुळे मोनोची मेहनत वाया गेली नाही. उणे ९.५ ची गेली.

एक चूक आम्ही शेवटच्या क्षणी केली. जुना व्हिडिओ घाईत प्रायव्हेट केला. ज्या ज्या ग्रुपवर ती लिंक गेली होती तिथून अण्णांना फोन सुरू झाले, "गाणं काढून टाकलं काय?" जुना तसाच ठेवून वर्णनात आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये नवी लिंक द्यायला हवी होती. व्हॉट्सॲपवर आधी गेलेली जुनी फाइल तर परत घेता येणारच नव्हती.

आज केलं तर

गाणं कुठे वाजणार हा प्रश्न मी दुसऱ्या संध्याकाळी विचारला; तो रेकॉर्डिंगआधी स्टुडिओवाल्यानं विचारायला हवा होता. कर्णा आहे हे आधी कळलं असतं तर रुंदीच्या प्लगइनकडे तो गेलाच नसता. माइकच्या स्टँडखाली जाड फोम, आणि कोरस मागांच्या सुट्टीच्या दिवशी, या दोन गोष्टींनी अर्धं काम वाचलं असतं. सुट्टीचा दिवस त्याने आता रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवला आहे.

सनई वर घ्यायच्या निर्णयाबद्दल मी अजून डळमळीत आहे. आणि दुसऱ्या अंतऱ्याआधीचे ते लाल झालेले फटके मला दर वेळी ऐकू येतात. हलगीवाल्याला एकदा विचारलं, तिथे काही खटकतं का. तो म्हणाला, "तिथं? तिथं तर मी जोरात मारलं होतं."